हालू म्हणजे दूध

अवरेकाईचा वास एकदा हाताला लागला की साबणाचं काही चालत नाही. परवा ऑफिसातून येताना देवराज मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर स्कूटर थांबवली, गोणपाटावर ओतलेल्या शेंगांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आणि घरी येऊन दोनदा हात धुतले तरी ताकभातालासुद्धा तोच वास. आमच्याकडे त्याला सोगडु म्हणतात. थंडीत दव पडलं की शेंगेवर तेलकट चिकटा धरतो, त्याचा हा वास. मराठीत त्याला शब्द असेल तर मला ठाऊक नाही. पुण्यात राहणारा माझा थोरला भाऊ, अण्णा, अवरेकाईला ‘पावटे’ म्हणतो आणि नाक मुरडतो. मी त्याला सांगते, पावटे म्हटल्यावर कोणीही नाक मुरडेल, एकदा अवरेकाई म्हणून बघ.

बन्नूरच्या बसने पोती घेऊन येणाऱ्या बायका भाव सांगण्याआधी एक शेंग चुरगाळून गिऱ्हाइकाच्या नाकापुढे धरतात. ‘सोगडु नोडी अक्का,’ वास बघा ताई. वास पटला तर पुढचं बोलणं. ही रीत मला फार आवडते. माणसांचंही असं नाकापुढे धरून ठरवता आलं असतं तर निम्म्या मीटिंगा वाचल्या असत्या.

घरी आई तयारच असते. तिने ऐंशी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, पण अवरेकाई आली की पुढच्या ओट्यावर सूप मांडून बसते आणि तिथून हलत नाही. शेंगा सोलायच्या, अळी निघाली तर तिला नावं ठेवून बाजूला टाकायचं, दाणे भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटात राहते आणि आतली हिरवी डाळ टुणकन ताटात पडते. कन्नडमध्ये या दाबण्याला हितकु म्हणतात. आम्ही त्याचं मराठी क्रियापद करून टाकलं आहे, हितकणं. मी हितकते, तू हितकतेस, त्यांनी काल हितकलं. हे व्याकरण ऐकून अण्णाला ठसका लागतो. आमचं घराणं म्हैसुरात इतक्या पिढ्यांचं आहे की मूळ गाव कुठलं असं विचारलं तर आई देवघराकडे बोट दाखवते. तिथे विठोबा आहे. तेवढा पुरावा तिला पुरतो.

मी सुमन. वय बावन्न, विम्याच्या ऑफिसात अधिकारी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसं आता थकून गप्प बसली आहेत. घरात आई आणि मी. पूर्वी आई, मी आणि पुट्टा.

हा हंगाम आला की मला पुट्टा आठवतो. आठवतो म्हणजे मी डोळे पुसत बसते असं नाही, माझा तसा पिंड नाही. पण तीन थंड्यांमागे याच दिवसांत, घरात हाच वास भरलेला असताना, आमच्या कुत्र्याला आणखी जगवायचं की जाऊ द्यायचं हे मला ठरवावं लागलं होतं. दुसरं कोणी ठरवणारं नव्हतं. आणि जे ठरवलं ते आईच्या मनाविरुद्ध ठरवलं. त्यावर आई नंतर एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आम्हा दोघींना भांडता छान येतं.

पुट्टा म्हणजे कन्नडमध्ये छोटुकला. मैदानाच्या भिंतीपाशी सापडला तेव्हा तो माझ्या बॅटवर मावत होता, म्हणून पुट्टा. पुढे चांगला वासराएवढा वाढला. अण्णा पुण्याहून आला तेव्हा म्हणाला, ‘एवढ्या धोंड्याला तुम्ही पुट्टा म्हणता?’ आई म्हणाली, ‘तुलाही पुट्टाच म्हणायचो. आता आरशात बघ.’

बॅट म्हणजे बॉल बॅडमिंटनची. हा खेळ आमच्याकडे अजून टिकून आहे. फुलाच्या ऐवजी लोकरीचा पिवळा चेंडू, मातीचं कोर्ट, एका बाजूला पाच जण. शाळेपासून खेळते. कॉलेजच्या टीममध्ये होते, ऑफिसच्या टीममध्ये होते, आता मैदानावर सकाळी जी काय माणसं उठून येतात त्यांच्या टीममध्ये आहे. थंडीत दवाने चेंडू जड होतो, हात भरून येतात, म्हणून आम्ही दोनतीन चेंडू उन्हात कठड्यावर वाळत ठेवतो. ते पळवणं हा पुट्टाचा धंदा. तोंडात धरून मैदानाला फेरी मारायचा आणि लाळेने चिंब झालेला चेंडू माझ्याच पायापाशी आणून टाकायचा, उपकार केल्यासारखा. बाकीचे नऊ जण मला शिव्या द्यायचे. मी म्हणायचे, कुत्र्याला कळतं कोण चांगलं खेळतं.

ऑफिसातल्या एका पोरीने मध्ये विचारलं, ‘मॅडम, घर, आई, ऑफिस, एवढं सगळं असताना तुम्हाला हॉबी कशी जमते?’ तिच्या बोलण्यात कौतुक होतं, तरी मला हसू आलं. छंद म्हणजे उरल्यासुरल्या वेळाचं काम असं तिला वाटत असावं. तसं असतं तर मला चाळिशीतच सोडावा लागला असता. चाळिशीपासून वेळ उरतच नाही. आईचं औषध, पाण्याची मोटर, अण्णाच्या मुलीच्या लग्नाची खरेदी, ऑफिसात वरच्याचं ऐकायचं आणि खालच्याला सांगायचं. या सगळ्यात सकाळचा तो एक तास मी मागून घेतला नाही, सरळ घेतला. आई पहिल्यांदा कुरकुरली, मग चहा फ्लास्कमध्ये भरून ठेवायला लागली. जबाबदाऱ्या माणसाला दमवतात हे खरं, पण त्या पेलायला अंगात रग लागते आणि ती रग मला त्या मातीच्या कोर्टावर मिळते. पुट्टा या हिशेबात कुठे बसायचा ते मला कधी ठरवता आलं नाही. त्याला फिरवणं हा छंद होता, त्याला धुणं ही जबाबदारी होती, आणि तो ओट्यावर पाय पसरून पडलेला असताना त्याच्याकडे नुसतं बघत बसणं याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

आता तो शब्द. आमच्याकडे जवळच्या वरुणा गावाहून शिवण्णा दूध घालतो. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, डोक्याला मफलर, आणि फाटकापाशी येऊन एक लांबलचक हाक, ‘हालूऽऽ’. हालू म्हणजे कन्नडमध्ये दूध. पातेल्यात दूध पडलं की त्यातलं वाटीभर पुट्टाला. लहानपणापासूनचा हा नेम, त्यामुळे जगात हालू या शब्दाइतकं चांगलं काही नाही असं त्याचं ठाम मत झालं होतं. गाढ झोपेत असला तरी हालू म्हटलं की टाणकन उभा, शेपटी गरगर, आणि धाव थेट फाटकाकडे.

अण्णा आला होता तेव्हा त्याला पुट्टाचा फोटो काढायचा होता. पुट्टा ओट्यावर छान ऐटीत बसलेला. अण्णाने मोबाइल धरला आणि हुकूम सोडला, ‘हालू नकोस.’ पुट्टा उडी मारून फाटकावर. परत आणून बसवला. अण्णा जरा दरडावून म्हणाला, ‘अरे, हालू नकोस म्हणतो ना.’ पुट्टा पुन्हा फाटकावर, आणि या वेळी रिकामी वाटीही तोंडात. अण्णा जितका ओरडे तितका हा खूश होई. शेवटी अण्णाने हात टेकले. ‘तुमच्या कुत्र्याला मराठी कळत नाही,’ म्हणाला. आई आतून म्हणाली, ‘कळतं की. आपलं कळतं. तुझं कळत नाही.’

मला हे इतकं आवडलं होतं की आल्यागेल्याला करून दाखवायचे. पुट्टा, हालू नकोस. की हा उठलाच. म्हैसूरच्या मराठी माणसाचं सगळं दुखणं त्या कुत्र्याने एका उडीत सांगून टाकलं होतं. आपण म्हणायचं एक, ऐकणाऱ्याने समजायचं दुसरं, आणि तरी दोघांनी हसतमुख राहायचं.

मग तो म्हातारा झाला. कुत्री म्हातारी होतात तेव्हा आधी कळत नाही. थोबाड पांढरं होतं, जिना टाळतात, चेंडू पळवतात पण परत आणत नाहीत. ती थंडी सुरू होता होता त्याचे मागचे पाय गेले आणि पाठोपाठ मूत्रपिंडं. जनावरांचे डॉक्टर घरी यायचे. शांत, मितभाषी गृहस्थ. एक दिवसाआड सलाइन लावायचे, आणि सुई जाताना पुट्टाने स्थिर राहणं गरजेचं. पहिल्याच दिवशी सवयीने माझ्या तोंडून गेलं, ‘पुट्टा, हालू नकोस रे.’ त्याने कान टवकारले, पुढच्या पायांवर अंग उचललं, मागचे पाय आलेच नाहीत, आणि हनुवटीवर आपटला. तरी शेपटी हलत होती. दूध कुठाय म्हणून माझ्याकडे बघत होता.

त्या दिवसापासून घरात हालू शब्द बंद. आई आणि मी दोघींनी कानाला खडा लावला. सुई लावताना आई त्याला कन्नडमध्ये सांगायची, ‘अलुगाडबेडा मरी,’ हलू नको बाळा. आणि दुधाला आम्ही कटाक्षाने दूध म्हणायला लागलो, शिवण्णाशी बोलतानासुद्धा. त्यालाही बजावून ठेवलं, हाक मारायची नाही, नुसता हॉर्न वाजवायचा. स्थिर राहण्याला कन्नड आणि दुधाला मराठी, अशी आमच्या घरात भाषांची पहिल्यांदाच नीट वाटणी झाली. इतक्या पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं ते एका आजारी कुत्र्याने करून दाखवलं. अण्णाला फोनवर सांगितलं तर तो हसला, आणि मग पुट्टा काही खातो का म्हणून विचारू लागला.

डॉक्टर एकदा हात धुता धुता म्हणाले, ‘मॅडम, बरा होणार नाही. मी येत राहीन, सलाइन देत राहीन, ते माझं काम आहे. पण त्याला त्रास होतोय. इंजेक्शन देऊन शांतपणे पाठवता येतं. केव्हा, ते तुम्ही सांगायचं.’ मी विचारलं, मला कसं कळणार? ते म्हणाले, ‘त्याच्याबरोबर राहता, तुम्हाला कळेल.’

आईने हे ऐकलं आणि तिचा चेहरा बंद झाला. रात्रीची भाकरी वाढताना म्हणाली, ‘नको. जीव जायचा तेव्हा जातो. आपण कोण ठरवणार?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा, ‘नको गं सुमे.’ रोज एकदा तरी. ती त्याच्यापाशी बुटकं स्टूल घेऊन बसायची, ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसायची, अवरे सोलता सोलता एखादा कोवळा दाणा त्याच्या तोंडाशी धरायची. तो चघळून बाहेर काढायचा आणि ती म्हणायची, ‘बघ, खातोय.’ मी बघत होते. खात नव्हता.

आईचं म्हणणं मला कळत होतं, कारण अप्पांचं आम्ही दोघींनी पाहिलं होतं. आमच्या वडिलांचं देवराज मोहल्ल्यात टेलरिंगचं दुकान होतं, उभ्या आयुष्यात माणूस कधी आजारी म्हणून पडला नाही. शेवटी पडले ते थेट इस्पितळात, काचेच्या खोलीत, नळ्यांच्या जाळ्यात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फारसा उपयोग नाही, घरी न्यायचं तर न्या. अण्णा पुण्याहून येऊन उभा होता. त्याचं मन हळवं, तो म्हणाला, शेवटपर्यंत सगळं करू. आई म्हणाली, अण्णा म्हणतो तसं. मी म्हटलं, आई म्हणते तसं. अप्पा त्या काचेमागेच गेले. त्यांचा हात धरायलासुद्धा वेळ ठरवून दिलेली होती. त्यानंतर आईला ठरवणं या गोष्टीचीच धास्ती बसली. काही ठरवायचंच नाही, मग चुकायचंही नाही, असं तिने धरून ठेवलं. माझ्या मनात मात्र बरोबर उलटं बसलं. मला राग आला होता. अण्णाचा नाही, डॉक्टरांचा नाही. आपण सगळे एवढे धडधाकट उभे होतो आणि त्या माणसाच्या बाजूने कोणीच बोललं नाही, याचा.

असो. पुट्टाच्या त्या दिवसांत मी मैदानावर जाणं सोडलं होतं. सकाळी त्याला उचलून परसात न्यायचं, साफ करायचं, कूस बदलायची, मग आईचा नाश्ता, मग ऑफिस. बॅट कपाटावर चढली. मैदानावरची मंडळी एकदा ओट्यापर्यंत येऊन गेली, पुट्टासाठी नवा कोरा चेंडू घेऊन. त्याने वास घेतला आणि चेंडूवर डोकं ठेवून झोपला. अण्णा फोनवर म्हणायचा, ‘सुमन, प्रॅक्टिकल हो, घेऊन टाक निर्णय.’ पुण्याहून प्रॅक्टिकल होणं सोपं असतं. मी अजून वाट बघत होते. डॉक्टर म्हणाले होते तुम्हाला कळेल, आणि मला काहीही कळत नव्हतं. आज चाटून पाणी प्यायला, मग आज नको. आज डोळे उघडून बघितलं, मग उद्या बघू. असं रोज.

मग ती सकाळ. धुकं एवढं की फाटक दिसत नव्हतं. शिवण्णा उशिरा आला, थंडीने काकडला होता, आणि इतके दिवस पाळलेलं पथ्य विसरून त्याने जुन्या सवयीने हाक ठोकली, ‘हालूऽऽ’. मी स्वयंपाकघरात होते, आई ओट्यावर. दोघीही जागच्या जागी थांबलो. आता हा उठायला जाणार आणि पडणार, म्हणून मी त्याला धरायला धावले.

तो उठला नाही. त्याला ऐकू आलं होतं, कान हलले. कळलंही होतं, शेपटीचं टोक एकदा फरशीवर आपटलं. हवंही होतं, फाटकाच्या दिशेने बघत होता. पण त्याने उठायचा प्रयत्नच केला नाही. नजर फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोकं खाली ठेवलं. तेरा-चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाय गेल्यावरसुद्धा तो त्या शब्दासाठी धडपडत होता, आणि त्या सकाळी त्याने धडपड सोडली.

मला कळलं. डॉक्टर म्हणाले होते तसं, अगदी स्वच्छ कळलं. आत गेले, फोन लावला, आज या म्हणून सांगितलं. आई दारात उभी होती. ‘कोणाला केलास?’ तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मी नको म्हणतेय.’ मी म्हणाले, ‘ऐकलं मी. तरी करतेय.’ आणि वर अण्णाला विचारलंही नाही. आयुष्यात मी पुष्कळ निर्णय घेतले, त्यांतले काही तिरके गेले, पण या एका निर्णयाकडे मी आजही सरळ मान करून बघू शकते. वाईट वाटलं. छाती फुटेल इतकं वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी पक्कं समजलं.

डॉक्टर ऊन पडल्यावर आले. ओट्यावरच त्याची जागा होती, तिथेच. आई घरात निघून गेली होती. मला वाटलं ती येणार नाही, आणि मी तिला बोलावणारही नव्हते. पुट्टाचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी बॅग उघडली. तेवढ्यात आई आली, हातात वाटी. कुरकुरणारे गुडघे मोडून ती खाली फरशीवर बसली, जशी ती वर्षभरात देवासमोरही बसली नव्हती. वाटीत दूध होतं, कोमट केलेलं. पुट्टाच्या कानाशी वाकून तिने इतके दिवस बंद असलेला तो शब्द हळूच म्हटला, ‘हालू.’

त्याने जीभ बाहेर काढली. दोनतीनदा चाटलं. बरंचसं माझ्या साडीवर सांडलं. डॉक्टर थांबले होते, घाई केली नाही. पहिलं इंजेक्शन झोपेचं, दुसरं जाण्याचं. मी त्याचं डोकं धरून होते आणि आई पंजा. माझ्या हाताखाली त्याचा श्वास लांब झाला, आणखी लांब झाला, आणि मग पुढचा आला नाही. डॉक्टरांनी मान हलवली. ओट्यावर सूप तसंच होतं आणि सगळीकडे अवरेकाईचा वास.

शिवण्णा दुपारी परत आला, बायकोला बरोबर घेऊन. त्याला वाटत होतं आपल्या हाकेमुळे झालं. मी त्याला समजावलं की तुझी हाक नसती तर मी अजून वाट बघत राहिले असते आणि तो सोसत राहिला असता. त्याने विचारलं, ‘अक्का, याला आमच्या शेतात ठेवू का? बांधावर चिंच आहे, सावली आहे.’ वरुणाच्या त्या बांधावर पुट्टा आहे. शेजारी भात आहे, ऊस आहे आणि शिवण्णाच्या गाई चरतात. दुधाच्या इतक्या जवळ त्याला आयुष्यात कधी राहायला मिळालं नव्हतं.

ऑफिसात दोन दिवस रजा सांगितली. साहेबांनी विचारलं, ‘घरातलं कोणी गेलं का?’ मी ‘हो’ म्हटलं. कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं काही बोलले नव्हते. आठवडा उलटायच्या आत मी मैदानावर गेले. लोकांना वाटलं असेल, हिला काही वाटतच नाही. पहिल्या दिवशी चेंडू कठड्यावर वाळत पडले होते, कोणी पळवत नव्हतं, आणि माझे सगळे फटके नेटमध्ये. दुसऱ्या दिवशी जरा बरं. एका ज्येष्ठ खेळाडूने खांद्यावर थोपटून सांगितलं, ‘दुसरं पिल्लू आण.’ आणेन कदाचित. घाई नाही. एक गेला म्हणून दुसरा आणायला तो काही गिझर नव्हता.

आई मात्र गप्प. म्हणजे एरवी बोलत होती, भाजीवर, हवेवर, माझ्या केसांवर. पण त्या दिवसावर नाही. मी बरोबर केलं की चूक, यावर तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पुढची थंडी आली, अवरेकाई आली, तिने सोलली, हितकली, सार केलं. त्याच्या पुढचीही आली. ओट्यावरची त्याची जागा पुसताना तिचा हात जरा रेंगाळायचा, तेवढंच. मी काय केलं याची मला खात्री होती. आईला काय वाटतं याची नव्हती, आणि बावन्नाव्या वर्षीसुद्धा आईला काय वाटतं याने फरक पडतो, हे मला कबूल करायला लाज वाटत नाही.

आज रविवार. परवा आणलेल्या शेंगा काल सोलून भिजवल्या होत्या, आणि सकाळी उन्हं ओट्यावर आली तशा आम्ही दोघी हितकायला बसलो. मध्ये परात, डाळ त्यात टपटप पडते आहे. आईची बोटं माझ्यापेक्षा अजून चपळ आहेत. बराच वेळ तसंच चाललं होतं. मग आई मान वर न करता म्हणाली, ‘पुट्टाच्या वेळी मी नको म्हणत होते.’

माझी बोटं थांबली. ‘हो,’ मी म्हणाले.

‘रोज म्हणत होते.’

‘रोज.’

‘आणि तू ऐकलं नाहीस.’

‘नाही ऐकलं.’

मला वाटलं, आता बोलणी बसणार. तीन वर्षं साठवलेली आहेत, एकदम बसणार. मी तयार होते, उत्तरंही तयार होती.

‘तुझ्या अप्पांच्या वेळी सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलं,’ आई म्हणाली. ‘मी अण्णाचं ऐकलं, तू माझं ऐकलंस. आणि ते बिचारे काचेमागे.’ तिने एक दाणा दाबला, साल टाकली. ‘पुट्टा तुझ्या मांडीवर गेला. दूध पिऊन गेला. मी बघितलं ना.’

मी परातीतली डाळ उगीच सारखी केली.

‘माझी वेळ आली की मला घरी आण,’ ती म्हणाली. ‘त्या खोलीत ठेवू नकोस. नळ्याबिळ्या नकोत. अण्णा फोनवर रडेल, त्याला रडू दे. तू ठरव.’

‘बरं.’

‘बरं काय बरं? नीट ऐक. आत्ता माझं डोकं ठिकाणावर आहे, उन्हात बसलेय, म्हणून शहाण्यासारखं सांगतेय. तेव्हा मी घाबरेन. नको म्हणेन. मला इस्पितळात ने, काहीतरी कर, असं म्हणेन. जायला कोण खुशीने तयार होतं? तेव्हा तू माझं ऐकू नकोस.’

तिने आता माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटली, सरळ सांगते. कुत्र्याचं डोकं मांडीवर घेणं निराळं आणि हे निराळं. पण विचारणारी बाई माझ्यासमोर बसली होती, तिला उत्तर हवं होतं, आणि ते देणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

‘नाही ऐकणार,’ मी म्हणाले.

तुझं ऐकणार नाही, असं मी लहानपणापासून आईच्या तोंडावर म्हणत आले आहे आणि दर वेळी धपाटा नाहीतर बोलणी खाल्ली आहेत. आज तिने ओल्या हाताने माझा गाल धरला आणि म्हणाली, ‘शहाणी माझी.’